हे भांडं आपलं नाही

माणसं ताटात काय वाढलं आहे ते बघतात. आमचे हे ताटाखाली काय लिहिलं आहे ते बघायचे. वाढलेलं ताट दोन्ही हातांनी उचलायचं, कपाळाच्या वर न्यायचं, मान मागे टाकायची आणि पाठीवरचं नाव वाचायचं. आमटी सांडायची नाही. अकरा वर्षांच्या संसारात मी एकदाही आमटी सांडलेली बघितली नाही, हे त्यांच्या बाजूनं आधीच सांगून टाकते. कारण पुढे त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं फार नाही.

त्यांना जाऊन आठ महिने झाले. लोक भेटायला येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि म्हणतात, "सरांसारखा माणूस पुन्हा होणे नाही." मी मान हलवते. होऊही नये. असा आणखी एक झाला, तर नांदेडातल्या बायकांनी स्वयंपाक कशात करायचा?

आमच्याकडे स्टीलचं भांडं नाव टाकल्याशिवाय घरात येत नाही. लग्नात आलेल्या पातेल्यावर मावशीचं नाव, बारशाच्या वाटीवर आत्याचं, आणि स्वतः विकत घेतलेल्या चमच्यावरसुद्धा स्वतःचं. एवढं करून ही भांडी घरात राहतात का? राहत नाहीत. वाटीतून शेजारी भाजी जाते आणि वाटी तिकडेच राहते. डबा बारशाला जातो आणि येताना दुसराच येतो. प्रत्येक घरात चार-दोन परकी भांडी असतात आणि आपली चार-दोन परक्या घरात असतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. समाज टिकून आहे तो याच समजूतदारपणावर.

यांना ती समजूत देवानं दिली नव्हती. परकं भांडं दिसलं की हे डॉक्टरनं रोग सांगावा त्या आवाजात म्हणायचे, "हे भांडं आपलं नाही." मग त्या दिवशी त्या भांड्याचा मालक सापडेपर्यंत घरात दुसरं काही व्हायचं नाही. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही रीत सगळ्यांचीच आहे. पण लोक चिमूटभर साखर घालतात. हे भरून द्यायचे. शेजारच्या परवीन भाभी ईदला वाटीतून शीरखुर्मा द्यायच्या, आणि त्यांनी हात धुवायच्या आत वाटी हुग्गीनं भरून त्यांच्या दारात. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर; ती शिजायला दोन तास लागतात. ती कोणी शिजवायची, हा प्रश्न यांना कधी पडला नाही.

"सर, एक दिन तो रहने दो ना वाटी," भाभी म्हणायच्या. "मैं कहीं भागके जारी क्या?"

"तुम्ही नाही भाभी," हे म्हणायचे. "वाटीचं सांगता येत नाही."

हे शाळेत गणित शिकवायचे. मधल्या सुट्टीत इतर शिक्षक स्टाफरूममध्ये चहा घेत, आणि हे व्हरांड्यातून पोरांचे डबे वाचत फिरत. आठवीतल्या एका मुलीच्या डब्यावर तिच्या चुलतीचं नाव निघालं. दोन भावांनी भांडून घर वाटून घेतलं होतं, आणि चुलती तो डबा चार वर्षं शोधत होती. यांनी मुलीला स्वतःचा डबा दिला आणि संध्याकाळी चुलतीचा डबा शेंगदाण्यांनी भरून तिच्या घरी पोचवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही भाऊ शाळेत. एकमेकांशी चार वर्षं बोलले नव्हते, पण यांच्यावर ओरडले ते एका सुरात. मुख्याध्यापकांनी यांना समज दिली. घरी आले तर चेहऱ्यावर समाधान.

"कितीक दिवसांनी भाऊ एकत्र आले बग," म्हणाले.

ही अशी वल्ली माझ्या पदरात कशी पडली, ते आता सांगते. पडली नाही. मी ओढून घेतली.

माझं माहेर उदगीरचं. अप्पांचं मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला भांड्यांचं दुकान. मी मराठी घेऊन एम.ए. केलं, बी.एड. केलं, आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून दुकानात नावं टाकायला बसले. नाव टाकायचं मशीन पेनासारखं हातात धरायचं असतं. चालू केलं की बंद मुठीत मधमाशी सापडल्यासारखं होतं. नोकरी काही लागली नाही. माझं आजवरचं सगळं प्रकाशित लेखन उदगीर तालुक्यातल्या स्वयंपाकघरांत पालथं पडलेलं आहे.

त्याआधी माझं एकदा ठरलं होतं. मुलगा पुण्याला इंजिनिअर. अप्पांनी पाहुण्यांना वाटायला एकशे एक ताटं काढली. 'चि.' म्हणून त्याचं नाव, 'चि. सौ. कां.' म्हणून माझं, आणि खाली 'शुभविवाहानिमित्त सप्रेम भेट'. एकशे एक वेळा ते मीच कोरलं. शेवटचं ताट झालं त्या आठवड्यात कळलं की मुलाचं पुण्यात आधीच कोणाशी तरी जमलेलं आहे. ताटं पोत्यात भरून माळ्यावर गेली. स्टीलवरचं नाव पुसता येत नाही, नुसतं खरवडता येतं, आणि खरवडलेलं ताट न खरवडलेल्यापेक्षा जास्त बोलतं. अप्पांनी ठरवलं की झालेलं कोणाला सांगायचं नाही. मोडलेल्या पोरीत लोक खोट शोधतात.

त्यानंतर सात स्थळं येऊन गेली. मला सत्ताविसावं लागलं. नांदेडचं हे आठवं स्थळ गेलं तर पुढचं बिजवराचं, असं अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं आणि अप्पांनी दुकानात मोठ्या आवाजात.

पाहुणे आले. हे, यांची आई आणि मध्यस्थ मामा. अव्वानं चुरमुरे भिजवून, फोडणीला टाकून सुशीला केली होती. मी ती घेऊन जायला आत गेले तर ओट्यावर ती ताटं. भांड्यांच्या दुकानदाराच्या घरात पोचे आलेली, न खपलेली भांडी असतात. ऐन वेळी चांगली ताटं दिसेनात, म्हणून अव्वानं माळ्यावरच्या पोत्यातून कोरी करकरीत ताटं काढली होती.

"अव्वा, ही ताटं?"

"लई चकचकीत हायत."

"खाली नाव हाय माझं. आन् त्याचं."

"ताटाची पाठ कोण बगतंय गं?" अव्वा म्हणाली. "जा, सुशीला गार होऊन राहिली."

सबंध मराठवाड्यात ताटाची पाठ बघणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या बैठकीत भिंतीला टेकून बसला होता.

मी ताट दिलं. यांनी ते घेतलं, उचललं, कपाळाच्या वर नेलं आणि हजेरी घ्यावी तसं मोठ्यांदा वाचलं. त्याचं नाव, माझं नाव, शुभविवाह, सप्रेम भेट. काही गाळलं नाही. 

मग मान खाली न घेता यांनी विचारलं, "अक्षर चांगलं आहे. कोणी टाकलं?"

"मी," मी म्हणाले.

"ओळ सरळ आहे. काठाजवळ ओळ सरळ ठेवणं अवघड असतं."

यांच्या आईला ओळीचं कौतुक नव्हतं. "म्हंजे पोरीचं आदी मोडलेलं हाय?"

"मोडलं न्हाई, अक्का," अप्पा म्हणाले. "म्हंजे... जमलंच नव्हतं."

"ताटावर नाव टाकूस्तोवर जमलं होतं की ओ!"

मामा चपला शोधायला लागले. यांनी ताट खाली ठेवलं, सुशीलेला हात लावला नाही. दारात अप्पांना म्हणाले, "ही ताटं त्या दोघांना पोचवायला पाहिजेत." त्या दोघांतली एक तिथंच उभी होती, पण हे सांगायची कोणाला सवड नव्हती.

पाहुणे गेले. गडबडीत त्यांचा पेढ्याचा डबा आमच्याकडेच राहिला. झाकणावर यांच्या आईचं नाव. अप्पांनी सांगितलं, "माळ्यावर टाका."

मी तो टाकला नाही. आठ दिवस समोर ठेवून बघत राहिले. आधीच्या सातांनी माझी उंची विचारली होती, रंग बघितला होता, नोकरी लागेल का म्हणून विचारलं होतं. एकानं चालून दाखवायला सांगितलं होतं. ओळ सरळ आहे, असं कोणी म्हटलं नव्हतं. आणि हा माणूस आता कायमचा जाणार होता, कारण त्याला जे दिसलं ते त्यानं वाचलं.

मग मी एक लहान वाटी घेतली, तिच्यावर माझं नाव आणि खाली 'उदगीर' कोरलं. वाटी डब्याच्या तळाशी ठेवली, वर शेंगदाण्याचे लाडू भरले, झाकण लावलं आणि डबा नांदेडच्या एसटीत दिला. आमच्या भागात ही जुनी सोय आहे. पोरं क्लासला लातूर-नांदेडला राहतात, आया सकाळी कंडक्टरजवळ डबा देतात आणि दुपारी पोरगा स्टँडवर येऊन घेतो. मी डब्यावर कागद चिकटवला, त्यावर यांच्या शाळेचा पत्ता लिहिला आणि अव्वाला सांगितलं की दुसऱ्याचं भांडं घरात ठेवू नये. अव्वाला ते पटलं.

पुढच्याच रविवारी हे दुकानात उभे. अप्पा मोंढ्यात गेलेले.

यांनी वाटी काउंटरवर ठेवली. "हे भांडं आमचं नाही."

"असं? कुठं सापडलं?"

"लाडवांच्या खाली."

"चुकून गेलं असंल."

"तुमचं नाव आहे त्याच्यावर."

"मग चुकूनच गेलं."

वाटी खडीसाखरेनं भरलेली होती आणि वर एक ताटली झाकलेली. मी ताटली उलटी केली. यांच्या आईचं नाव. मी वाटी ठेवून घेतली आणि ताटलीही ठेवून घेतली.

"ताटली?" हे म्हणाले.

"धुऊन पाठवते."

गणिताच्या शिक्षकाला ती स्वच्छ दिसत होती. तरी रविवारी थेट गाडी नसते म्हणून मुखेडला बस बदलून, साडेतीन तासांचा रस्ता तुडवून एक वाटी द्यायला आलेला माणूस आपली ताटली मागे ठेवून निघून गेला.

ताटली गेली ती एका डब्यातून, आणि डब्यावर माझं नाव. डबा परत आला तो दुसऱ्या डब्यात बसून. मोबाईल दोघांकडे होते. पण मोबाईलमध्ये काही झाकून पाठवता येत नाही. चार महिने उदगीर-नांदेड गाडीवर आमची भांडी फिरली. लोक प्रेमात काय काय पाठवतात. मला आलेली पहिली खरी भेट म्हणजे धर्माबादची अर्धा किलो लाल मिरची. मी उलट ज्वारीचे पापड पाठवले. चिठ्ठी कधीच नाही. नाव तर भांड्यावर होतंच, आणखी लिहायचं काय?

त्या गाडीचे कंडक्टर काका पन्नाशीचे होते. एकदा म्हणाले, "ताई, ह्या डब्याला आता पास काढून द्या. पोरं शिकून नोकरीला लागली, तुमचा डबा अजून क्लासलाच जाऊन राहिला."

त्याच काकांनी एका सोमवारी घोटाळा केला. मी तापानं पडले होते, म्हणून स्टँडवर गेले नाही. काका सज्जन, डबा घेऊन थेट दुकानात.

"अप्पा, तुमचा डबा."

"कोणाचा?"

"तुमचाच की. दर सोमवारी येतोय."

अप्पांनी झाकण उघडलं. आत दहा पेरू आणि दुकानातूनच गेलेलं एक तांब्याचं फुलपात्र. पाठीवर माझं अक्षर. अप्पा रागावले की मोठ्यांदा बोलत नाहीत; भांडी मोठ्यांदा रचतात. त्या दिवशी सगळं दुकान दोनदा रचून झालं. मग माझ्या खाटेशी आले.

"त्या लोकांनी भरल्या ताटावरून उठून आपली लाज काढली. आन् तू त्यांला पापड पाठवून राहिलीस?"

"त्यांनी न्हाई काढली, अप्पा. ताटावर होतं ते वाचलं फकस्त."

"आता हे बंद," अप्पा म्हणाले. "निलंग्याचं स्थळ हाय. बायको जाऊन दोन वर्षं झाली. माणूस बरा हाय. पुढच्या महिन्यात साखरपुडा."

स्टँडवर जाणं बंद झालं. कंडक्टर काकांना निरोप गेला की उदगीरचा डबा घ्यायचा नाही, द्यायचाही नाही. निलंग्याच्या माणसाचा फोटो आला. खरंच बरा होता. शर्टाला सगळी बटणं होती. मी मशीन बंद करून भिंतीकडे बघत बसायची आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई, नाव टाकताव का जाऊ?"

मला वाटलं, संपलं. पण मी एक विसरले होते. यांच्याकडून एक परत येईपर्यंत माझी दोन गेलेली असत, त्यामुळे रस्ता बंद झाला तेव्हा माझ्या नावाची अकरा भांडी नांदेडला अडकली होती. दुसऱ्या कोणी ती वापरली असती. हा रोगी माणूस अकरा परकी भांडी घरात घेऊन बसला होता, आणि ती द्यायला वाट नव्हती.

साखरपुड्याला नऊ दिवस होते. भर दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. यांच्या आई उतरल्या, मागून हे, खांद्यावर पोतं. आईंनी ते पोतं घेतलं आणि अप्पांच्या काउंटरवर उलटं केलं. वाट्या, डबे, एक झारा, दोन ताटल्या. त्यातली एक वाटी गडगडत रस्त्यावर गेली. हे तिच्यामागे धावले.

"ही घ्या तुमची भांडी," आई म्हणाल्या. "पंदरा दिवस झाले, हा पोरगा धड जेवून न्हाई राहिला. ताट उचलतो, वाचतो, ठिवून देतो. रात्री उठून फळीवरची भांडी मोजतो. मी आई हाव का भांडेवाली?"

अप्पांनी एकेक भांडं उलटं करून बघितलं. अकराही ठिकाणी एकच अक्षर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मशीनकडे बघितलं.

"अप्पा," आईंचा आवाज खाली आला, "पोरीचं मोडलेलं लपवलात. चुकलं तुमचं."

"चुकलं, अक्का."

"माज्या पोराचं डोकं असं हाय, हे मीबी लपवलं होतं. फिटलं. आता एक तर ही भांडी ठिवून घ्या, न्हाईतर पोरगी तरी द्या. भांडी एका घरी आन् पोरगी दुसऱ्या घरी, असं मला झेपायचं न्हाई."

 अप्पांनी अकराही भांडी पुन्हा पोत्यात भरली, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं आणि आईंच्या पायाशी ठेवलं. निलंग्याला फोन आत जाऊन केला. या सगळ्या वेळात नवरदेव दुकानाच्या दारात उभे राहून विक्रीला लावलेल्या हंड्यांच्या पाठी वाचत होते. त्या कोऱ्या होत्या. तरी वाचत होते.

लग्न झालं. लोक नव्या नवरीला घेऊन देवदर्शनाला जातात. आम्ही पुण्याला गेलो, आणि बरोबर ते एकशे एक ताटांचं पोतं. मला वाटलं होतं हे गमतीनं म्हणत असतील.

"अर्धं नाव त्याचं आहे," हे म्हणाले. "पन्नास त्याची, पन्नास तुझी."

"आन् एकशे एकावं?"

यावर ते पुणे येईपर्यंत विचार करत होते. दार त्या इंजिनिअरच्या बायकोनं उघडलं. यांनी नम्रपणे पन्नास ताटं दिली, नाव नीट तपासून घ्यायला सांगितलं, पाणीही न पिता जिना उतरले. त्या घरात पुढे काय झालं ते कळलं नाही. ताटं परत आली नाहीत, एवढं खरं.

यांना हरवणारं भांडं एकच निघालं. एका नातेवाइकांच्या वर्षश्राद्धाला घरोघर पेले वाटले होते, तसा एक आमच्याकडे आला. आमच्यात कैलासवासी म्हणत नाहीत, लिंगैक्य म्हणतात. पेल्याच्या पाठीवर 'लिं.' आणि गेलेल्या माणसाचं नाव.

"हे कुणाचं?" यांनी विचारलं.

"आपलंच. वाटलेलं आहे."

"नाव त्यांचं आहे."

"ते गेले ना."

"हं," हे म्हणाले. पेला हातात फिरवत राहिले. "मग ह्यांना कुठं गाठायचं?"

त्या प्रश्नाला मी हसले होते. हे हसले नव्हते. पेला सगळ्यात वरच्या फळीवर पालथा ठेवला, आणि त्यातून आमच्या घरात कोणी कधी पाणी प्यायलं नाही.

शेवटचे बारा दिवस आम्ही लातूरच्या एका दवाखान्यात होतो. हे आजारपणातही सुधारले नाहीत. मी पाणी दिलं की आधी पेला वर जायचा. आता मात्र पाणी सांडायचं. एका दुपारी म्हणाले, "हे भांडं आपलं नाही. बाजूच्या कॉटचं आहे."

"असू द्या. नंतर देते."

"आत्ता दे. आणि काहीतरी घालून."

मी पेल्यात दोन बिस्किटं घातली आणि बाजूच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याला दिला. परत आले तेव्हा यांचे डोळे मिटलेले होते, पण चेहऱ्यावर ते भाऊ एकत्र आल्याच्या दिवसाचं समाधान होतं. त्यानंतर हे फारसं बोलले नाहीत. म्हणजे या माणसाचं माझ्याशी शेवटचं बोलणं एका पेल्याबद्दल झालं. दुसऱ्या कशाबद्दल झालं असतं तर मला फसवल्यासारखं वाटलं असतं.

यांच्या नावाची ताटं वाटायची ठरली तेव्हा अप्पा उदगीरहून मशीन घेऊन आले.

"तू बस," म्हणाले. "मी टाकतो."

"तुमची ओळ वाकडी येती, अप्पा," मी म्हणाले, आणि मशीन त्यांच्या हातातून घेतलं. 'लिं.' लिहिलं आणि पुढे नाव. सगळ्या ओळी सरळ आल्या.

त्या दिवसांत शेजाऱ्यांनी आम्हाला स्वयंपाक करू दिला नाही. कोणी वरण आणलं, कोणी भाकरी, कोणी नुसतं ताक. "भांडं राहू द्या वैनी, सावकाश द्या," म्हणत ठेवून गेले. लोक पांगल्यावर मी ओट्यावर बघितलं तर सदतीस परकी भांडी. एका वाटीसाठी मला दोन-दोन तास हुग्गी ढवळायला लावणारा माणूस माझ्यासाठी सदतीस भांडी ठेवून गेला होता. सोयीस्करपणालाही काही मर्यादा असते.

मी ती द्यायला लागले. घाई केली नाही. एका दिवशी एक, कधी दोन. पाठीवरचं नाव वाचायचं, भांडं घासायचं, काहीतरी घालायचं, चपला घालायच्या. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज कोणाचं दिलीस?" मी नाव सांगायची. छत्तीस भांडी गेली.

राहिली परवीन भाभींची वाटी. लहानशी, ईदला शीरखुर्मा यायचा तीच. भाभींचं दार आमच्या दारापासून सात पावलांवर आहे. मी दोनदा वाटी भरली आणि दोनदा रिकामी करून ठेवली. भाभींनी एकदा विचारलं, "भाभी, वो छोटी वाटी तुम्हारे पास रहगयी क्या?" आणि मी, एम.ए. बी.एड., त्यांच्या तोंडावर सांगितलं की दिसत नाही.

त्यांना परकं भांडं घरात सहन व्हायचं नाही. एका वाटीसाठी ते मुखेडला बस बदलून आले होते.

काल सासूबाईंना ती फळीच्या मागे सापडली. त्यांनी उलटी केली, खिडकीपाशी नेऊन नाव वाचलं.

"ही भाभीची न्हवं?"

"हाव."

"दिली न्हाईस?"

"न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. वाटी पदरानं पुसली, आणि पुन्हा मागे न सारता फळीच्या अगदी पुढच्या काठावर ठेवली. दारातून आत आलं की पहिली नजर जिथं जाते, तिथं.

"इथं असू दे," म्हणाल्या. "आल्या आल्या त्याला दिसंल."